सरकलेली हिरडी आणि टाळूची जखम

हिरडी मागे सरकून दाताचे मूळ उघडे पडले, की सातारा-सांगलीकडची माणसे दवाखान्यात सांगतात ती तक्रार बहुधा दात लांब झाल्याची किंवा गार पाण्याने दात शिवशिवत असल्याची असते. दात लांब झालेला नसतो. इनॅमल संपते त्या रेषेजवळ असायला हवी ती हिरडीची कड मुळाकडे सरकलेली असते. कडक ब्रशने जोरात आडवे घासणे, ओळीबाहेर आलेला दात, मुळावरचे हाड आणि हिरडी मुळातच पातळ असणे, पायोरिया ही त्याची नेहमीची कारणे आहेत, आणि आपल्या भागात त्यांत तव्यावर भाजलेल्या तंबाखूच्या मिश्रीची भर पडते.

अशा रुग्णापुढे आज शस्त्रक्रियेचे अनेक पर्याय ठेवले जातात: शेजारची हिरडी सरकवणे, टाळूवरची चकती काढून लावणे, टाळूच्या आतला थर घेणे किंवा बाहेरून आणलेले पटल बसवणे. एका तक्त्यात मांडले, की ही सारी एकाच प्रश्नाची उत्तरे वाटतात. इतिहास पाहिला तर प्रत्येक पर्याय निराळ्या काळात, निराळ्या अडचणीवर उपाय म्हणून पुढे आलेला दिसतो.

मूळ अडचण रक्ताची आहे. उघड्या मुळाच्या पृष्ठभागात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे त्यावर ठेवलेल्या कलमाला, म्हणजे दुसरीकडून आणून लावलेल्या ऊतीला, खालून काहीच मिळत नाही. ते जगते ते कडेच्या हिरडीतून आणि हाडावरच्या आवरणातून. त्वचा देठासकट वळवून रक्तपुरवठा राखण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेपासून नाक घडवण्याची कृती आहे, आणि टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेचे नाक लावल्याचा वृत्तान्त 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला होता. 1956 मध्ये ग्रुप आणि वॉरन यांनी शेजारच्या दाताची हिरडी बाजूने सरकवून उघडे मूळ झाकण्याची पद्धत मांडली, तिचे तत्त्व हेच होते. रंग जुळे, रक्त तुटत नसे. मात्र शेजारी पुरेशी जाड आणि रुंद हिरडी असावी लागे, नाहीतर एक मूळ झाकताना दुसरे उघडे पडण्याचा धोका असे.

ब्यॉर्न यांनी 1963 मध्ये हिरडीच्या मुक्त, म्हणजे मूळ जागेपासून पूर्ण सुटे केलेल्या, कलमाचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि 1968 मध्ये सुलिव्हन व ॲटकिन्स यांनी त्याचे नियम नीट घालून दिले. टाळूवरची वरच्या पापुद्र्यासकट काढलेली चकती दुसरीकडे शिवली, की पहिले दोन-तीन दिवस ती भोवतालच्या रसावर तगते आणि मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. या कलमाचा भर त्या काळी मूळ झाकण्यापेक्षा दाताभोवतीच्या घट्ट, न हलणाऱ्या हिरडीची पट्टी रुंद करण्यावर होता. 1972 मध्ये लँग आणि लो यांनी, दोन मिलिमीटरपेक्षा कमी घट्ट हिरडी असलेल्या जागी दात स्वच्छ ठेवूनही सूज राहते, असे निरीक्षण नोंदवले आणि या शस्त्रक्रियेला मोठा आधार मिळाला. पुढे वेन्स्ट्रॉम व लिंडे यांच्या 1983 च्या प्राण्यांवरील अभ्यासात, कीटण नीट काढले जात असेल तर अरुंद पट्टीची हिरडीही निरोगी राहते असे दिसले. दोन मिलिमीटरच्या त्या आकड्यावर मधल्या दशकभरात गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवली गेली, असे मला वाटते.

मुक्त कलमाचे दोन दोष रुग्णाला लगेच कळत. टाळूवरची जखम उघडीच भरून यावी लागे, त्यात काही आठवडे जात आणि तिखट-गरम भाकरी-आमटी खाणाऱ्याला ते दिवस जड जात. शिवाय लावलेला तुकडा फिकट रंगाच्या ठिगळासारखा कायमचा उठून दिसे.

या ठिगळातून सुटका करणारा विचार 1975 मध्ये कॅरिंग, लँग आणि लो यांच्या प्रयोगांतून पक्का झाला. वरचा पापुद्रा कोणत्या जातीचा होणार हे खालची संयोजी ऊती, म्हणजे पापुद्र्याला आधार देणारा आतला थर, ठरवते, असे त्यांनी दाखवले. लावलेले कलम आपला स्वभाव राखते, हे तासगावच्या द्राक्षबागाईतदाराला वेगळे समजवावे लागणार नाही: डॉगरिजच्या खुंटावर थॉम्सनची काडी बांधली, तर घड थॉम्सनचेच येतात. तसेच टाळूच्या आतली ऊती कुठेही लावली तरी स्वतःचा स्वभाव सोडत नाही. मग वरचा पापुद्रा काढायचाच कशाला? एडेल यांनी 1974 मध्येच केवळ आतला थर घेऊन घट्ट हिरडी वाढवली होती. 1985 मध्ये लँगर आणि लँगर यांनी तो थर उघड्या मुळावर ठेवून त्यावर तिथलीच हिरडी ओढून घेतली. त्यामुळे कलमाला मुळाभोवतीच्या हाडावरच्या आवरणातून आणि वरच्या हिरडीतून असा दुहेरी रक्तपुरवठा मिळाला. रंग जुळला आणि टाळूची जखमही टाके घालून मिटवता येऊ लागली. त्याच वर्षी रेट्झके यांनी उभे छेद न घेता, पाकिटात सरकवावे तसे कलम बसवण्याची रीत दिली. हिरडीखाली बोगदा करून त्यातून कलम सरकवण्याच्या आजच्या पद्धतीची ही पूर्वपीठिका मानता येते.

1985 हे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. मिलर यांनी त्या वर्षी हिरडी सरकण्याचे चार वर्ग केले: दोन दातांमधले हाड आणि हिरडी शाबूत असतील तर मूळ पूर्ण झाकण्याची अपेक्षा धरता येते, ती गेली असतील तर अंशतः किंवा अजिबात नाही. कैरो यांच्या 2011 च्या वर्गीकरणातही दातांमधल्या आधाराची हानी हाच निकष आहे. त्यामुळे कोणते कलम चांगले, या प्रश्नाआधी मूळ किती झाकता येईल हे पाहावे लागते.

त्यानंतरचा बराचसा इतिहास टाळूला हात न लावण्याच्या खटपटीचा आहे. भाजलेल्या रुग्णांसाठी तयार झालेले, पेशी काढून टाकलेले मानवी त्वचेचे पटल 1990 च्या दशकात हिरडीसाठी वापरात आले. डुकराच्या ऊतीपासून केलेली कोलॅजनची जाळी नंतर आली. अनेक दातांची मुळे उघडी असतील तेव्हा टाळू पुरत नाही आणि अशा वेळी ही पटले खरोखर सोयीची ठरतात, पण घट्ट हिरडीची वाढ त्यांनी सहसा कमी मिळते आणि तुलनात्मक अभ्यासांत टाळूच्या आतल्या थराचे पारडे आजवर जड राहिले आहे. पटल कशाचे आहे हे मात्र रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे, कारण श्रद्धेचा आणि आहाराचा प्रश्न इथे गौण नाही. शूक्रून यांनी फ्रान्समध्ये 2001 च्या सुमारास मांडलेली फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या तंतूंची, चकती रुग्णाच्याच रक्तापासून होते. त्यासाठी नळीभर रक्त आणि ते फिरवणारे यंत्र एवढेच लागत असल्याने भारतात ती लवकर रुळली. जखम भरण्यास तिची मदत होते. टाळूच्या थराची जाडी मात्र ती देत नाही.

कलम कोणतेही असो, पहिल्या आठवड्यात त्याचे जगणे नव्या रक्तवाहिन्या शिरण्यावरच अवलंबून असते, आणि तंबाखूतले निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. धूम्रपान करणाऱ्यांत मुळाचे आच्छादन कमी मिळते असे अभ्यासांत दिसले आहे. मिश्रीत निकोटीन आहेच, शिवाय ती लावणारे बोट रोज नेमके त्या टाक्यांवरूनच फिरते.