आकडा आपल्याच पेटीचा हवा

कोल्हापुरात लग्नपत्रिका छापणाऱ्या एखाद्या स्क्रीन प्रिंटरला जाळीला लाइट किती वेळ द्यायचा असे विचारले, तर तो जो आकडा सांगेल तो त्याच्या प्रकाश देण्याच्या पेटीचा, त्याच्या ट्यूबचा आणि जाळीवर लावायच्या त्याच्या इमल्शनचा, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपाचा असतो. घरी पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे तांब्याचे बोर्ड, बनवणारे हौशी लोक मात्र दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलतात आणि तीन-चार बोर्ड वाया गेल्यावर दोष तांब्यावर चढवायच्या प्रकाशसंवेदी ड्राय फिल्मला देतात.

ही निळसर फिल्म निगेटिव्ह जातीची असते. अतिनील प्रकाश पडेल तिथे तिच्यातील लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट जाळे तयार होते आणि तो भाग धुण्याच्या सोड्याच्या सुमारे 1 टक्का द्रावणात विरघळत नाही. वर ठेवलेल्या पारदर्शक ओएचपी शीटवर छापलेल्या शाईखाली झाकलेला भाग वाहून जातो आणि उघड्या पडलेल्या तांब्याला फेरिक क्लोराइड खाते. प्रकाश कमी पडला, तर वरचा थर पक्का होतो पण तांब्याला चिकटलेला तळ कच्चा राहतो, म्हणून धुताना ट्रॅक, म्हणजे सर्किटच्या रेघा, सालपटासारखे उचलून येतात. प्रकाश जास्त झाला, तर प्रिंटरची शाई दिसते तेवढी अपारदर्शक नसल्याने तिच्यातूनही थोडा प्रकाश झिरपतो, कडांखाली पसरतो आणि दोन ट्रॅकमधील बारीक फट बुजते. फिल्मला कळते ती एकूण मात्रा, म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ.

तीव्रता मात्र फार चंचल असते. ट्यूब जुनी होत जाते तशी मंद होते, आणि साध्या चोकवर चालणारी ट्यूब व्होल्टेज उतरले की आणखी मंदावते. अंतर दुप्पट केल्यावर प्रकाश चौथाई होतो हा नियम एकट्या एलईडीला बऱ्यापैकी लागू पडतो, पण जवळजवळ लावलेल्या ट्यूबच्या ओळीखाली तो लावू नये. तिथे प्रकाश तितक्या झपाट्याने घटत नाही. उन्हावर काम करणाऱ्यांची अडचण तर उघडच आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी कोल्हापुरात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही येतो, पण तेव्हा तो ढगांआड असतो.

यावर फोटोच्या डार्करूममधली जुनी युक्ती उपयोगी पडते. सहा ठिकाणी तीच बारीक रेघांची नक्षी छापलेली ओएचपी शीट, शाईची बाजू फिल्मकडे करून, फिल्म चढवलेल्या बोर्डाच्या पट्टीवर ठेवावी आणि वरून काचेने दाबावी. शीट उलटी पडली, तर तिच्या जाडीएवढे अंतर मध्ये राहते आणि कडा पसरतात. प्रथम सगळ्या पट्टीला 20 सेकंद प्रकाश द्यावा, मग पहिला भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून 8 सेकंद, पुढचाही झाकून 12, आणि त्यानंतर असेच 16, 24 व 33 सेकंद. सहा भागांना अनुक्रमे 20, 28, 40, 56, 80 आणि 113 सेकंद मिळतात. प्रत्येक पायरी आधीच्या सुमारे 1.4 पट आहे, आणि हीच खरी गोम आहे. दर पायरीला सारखेच दहा सेकंद वाढवले, तर सुरुवातीला दीडपट उडी पडते आणि शेवटच्या दोन पायऱ्यांत फरकच दिसत नाही.

फिल्मवरचे पारदर्शक प्लास्टिक प्रकाश देताना काढू नये, कारण हवेतील ऑक्सिजन रेणूंच्या जोडणीत अडथळा आणतो. नंतर पंधरा मिनिटे थांबून ते सोलावे आणि पट्टी धुवावी. समजा 28 च्या भागातील रेघा सुटल्या, 40 च्या टिकल्या पण कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या, 56 च्या स्वच्छ आल्या आणि 80 मध्ये फटी भरू लागल्या, तर 56 सेकंद धरावेत. तयार लेप असलेला पॉझिटिव्ह बोर्ड असेल, तर वाचन उलटे करावे, कारण तिथे प्रकाश पडलेला भाग कॉस्टिक सोड्यात विरघळतो आणि कमी प्रकाशाची खूण म्हणजे धुऊनही न निघणारा पातळ पडदा.

ती पट्टी तारीख घालून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी. ट्यूब किंवा फिल्मचा रोल बदलला की शेजारी नवी पट्टी लावावी.