43 फुटांवर धोका : प्रोग्रामला ‘जर-तर’ शिकवताना

पावसाळ्यात कोल्हापुरात घरोघरी एकच विचारणा असते : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं? तिथे पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. आकडा कानावर पडला की माणूस मनात तुलना करतो आणि जनावरं हलवायची का ते ठरवतो. प्रोग्राममधलं ‘इफ’, म्हणजे ‘जर’, नेमकं हेच काम करतं.

तुलनेची उत्तरं दोनच : ट्रू किंवा फॉल्स, म्हणजे खरं किंवा खोटं. गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्यावरून त्यांना बूलियन म्हणतात. ‘पातळी > 43’ लिहिलं, तर पाणी बरोबर 43 फुटांवर असताना उत्तर खोटं येतं. म्हणून ‘>=’, म्हणजे ‘मोठं किंवा तितकंच’, हवं.

त्याहून घातक चूक क्रमाची. पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा अटी वरून खाली तपासते. एक खरी ठरली की खालच्या ‘एलिफ’कडे, म्हणजे ‘नाहीतर जर’कडे, बघतही नाही. वर ‘इफ पातळी >= 39’ आणि खाली ‘एलिफ पातळी >= 43’ असेल, तर पाणी 45 फुटांवर गेलं तरी पडद्यावर ‘इशारा’च दिसणार. एरर येत नाही, त्यामुळे चूक पटकन सापडतही नाही. मोठी मर्यादा आधी, मग 39, शेवटी ‘एल्स’, म्हणजे बाकी सगळ्यासाठी ‘सुरक्षित’.

आता इंच. 42 फूट 11 इंच हे बरेच जण 42.11 असं भरतात. मग 42 फूट 9 इंच, म्हणजे 42.9, संगणकाला जास्त वाटतं! सगळं इंचांत घ्या : फूट गुणिले 12, अधिक वरचे इंच. इशारा 468, धोका 516. पूर्णांक असल्याने दशांशाची भानगडही उरत नाही.

पायथनच्या ‘इनपुट’मधून आलेला आकडा मजकूर असतो. दोन्ही बाजूंना मजकूर असेल, तर "9" हे "43" पेक्षा मोठं ठरतं, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. आधी ‘इंट’ने त्याची संख्या करा. ‘पातळी == 468 ऑर 516’ हेही टाळा (‘==’ म्हणजे बरोबर तितकंच, ‘ऑर’ म्हणजे किंवा). शून्य नसलेली संख्या पायथन खरी धरतं, म्हणून ही अट कायम खरीच. ‘पातळी ==’ दोन्हीकडे लिहावं लागतं.

प्रोग्राम झाला की 467, 468, 515 आणि 516 हे चार आकडे घालून बघा. उत्तरं अनुक्रमे सुरक्षित, इशारा, इशारा, धोका अशीच यायला हवीत.