स्लिम, फील्डमार्शल विल्यम जोसेफ

स्लिम, फील्डमार्शल विल्यम जोसेफ : (६ ऑगस्ट १८९१–१४ डिसेंबर १९७०). दुसऱ्या महायुद्धात जपान्यांकडून ब्रह्मदेश परत जिंकणाऱ्या चौदाव्या सेनेचे ब्रिटिश सेनापती. जन्म ब्रिस्टलचा. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे आधी शाळामास्तर, मग कारकून. पहिले महायुद्ध पेटले म्हणूनच ते लष्करी अधिकारी होऊ शकले. गॅलिपोली आणि मेसोपोटेमियात जखमी झाले. पुढे ते हिंदी सैन्यात आले व गुरखा पलटणीत रमले. गुरखाली ते सहज बोलत.

मार्च १९४२ मध्ये ब्रह्मदेशातील कोअरची (एकाहून अधिक डिव्हिजनांच्या सैन्यगटाची) सूत्रे हाती आली, तेव्हा रंगून पडलेले होते. सुमारे १,५०० किमी. माघार घेत त्यांनी उरलेले सैन्य ऐन पावसाच्या तोंडावर इंफाळपर्यंत आणले. स्लिम यांचे खरे मोठेपण दिसते ते यानंतर. १९४३ मध्ये एका जखमीमागे १२० आजारी सैनिक आघाडीवरून मागे न्यावे लागत. मलेरियावरची मेपाक्रिनची गोळी जवान घेतात की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी पलटणींची अचानक तपासणी सुरू केली. पंचाण्णव टक्क्यांहून कमी जवानांच्या अंगात औषध सापडले, तर पलटणीच्या प्रमुखाला घरी पाठवत. तिघे गेले, तेवढ्यात बाकीच्यांना समज आली. रसद विमानाने टाकायची, तर रेशमी हवाई छत्र्या मिळेनात; मग कलकत्त्याच्या तागापासून छत्र्या शिवून घेतल्या.

चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैनिक भारतीय होते. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळ-कोहिमावर चालून आले, तेव्हा मणिपुरातील सांगशाक येथे मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीनेही त्यांना झुंजून रोखून धरले. त्या चार-पाच दिवसांचे मोल फार मोठे, कारण कोहिमावर जपान्यांची एखादी रेजिमेंटच येईल असे स्लिम धरून चालले होते आणि आली त्याहून कितीतरी मोठी, अख्खी डिव्हिजन. ही आपली चूक त्यांनी आठवणींत स्वतःहून लिहून ठेवली. असे करणारे सेनापती थोडेच.

१९४५ च्या आरंभी मंडालेवर चाल केल्याचे भासवून त्यांनी दक्षिणेला इरावती ओलांडली, मेइक्तिला हे शत्रूच्या रसदीचे ठाणे घेतले आणि मे महिन्यात रंगून मुक्त झाले. विजयानंतर लगेच वरिष्ठांनी त्यांना सेनापतिपदावरून हलवू पाहिले. सैन्यात संताप उसळला आणि अखेर ते वरिष्ठच परत गेले. जवानांसाठी ते ‘अंकल बिल’ होते.

१९४८ ते १९५२ ते ब्रिटनचे सरसेनाप्रमुख होते. हिंदी सैन्यातून या पदावर पोहोचलेले ते पहिलेच अधिकारी. १९५३ ते १९६० ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल. लंडन येथे निधन.