डबल अक्षरांची इंग्रजी स्पेलिंगं

इंग्रजीत एकच व्यंजन लागोपाठ दोनदा लिहायची पद्धत. पुण्यातल्या मराठी शाळांत मुलं ती चालीवर घोकतात, "एस यू डबल एम ई आर समर", आणि शुद्धलेखनाच्या वहीत एम एकच पडतो. मराठीत द्वित्त, म्हणजे जोडून दोनदा आलेलं व्यंजन, कानाला ऐकू येतं, गडी वेगळा, गड्डी वेगळी, पण समर म्हणताना म काही दोनदा येत नाही, म्हणजे मूल जो आवाज शोधतंय तो तिथे नसतोच. डबल अक्षर बहुतेक वेळा आधीच्या स्वराबद्दल सांगतं, एक एन असला की डायनर, दोन असले की डिनर, तसंच होपिंग आणि हॉपिंग.

जुन्या इंग्रजीत मात्र मराठीसारखी खरी द्वित्तं होती. ती बोलण्यातून साधारण १४ व्या शतकाच्या आसपास गेली असं धरतात, लिखाणात राहिली. १२ व्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा इंग्लंडातल्या लिंकनशरमध्ये, ऑर्म नावाच्या ख्रिस्ती साधूने 'ऑर्म्युलम' हे धार्मिक काव्य लिहिलं (हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे) आणि त्यात ऱ्हस्व स्वरानंतर अक्षरावयव (शब्दाचा एका दमात उच्चारायचा तुकडा, सिलॅबल) व्यंजनाने संपत असेल तर ते व्यंजन नेमाने डबल केलं. हे व्यंजन लांब बोलायचे म्हणून की स्वर आखूड म्हणून, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. स्वराची बाजू जास्त पटते, कारण दॅट, इज असल्या बारक्या शब्दांतही तो शेवटचं अक्षर डबल करतो आणि दीर्घ स्वरानंतर एकच ठेवतो.

लॅटिनमधून आलेल्या शब्दांना हा स्वराचा नियम लावू नये, तिथे शब्द फोडावा. ॲकॉमोडेटमध्ये मूळचा 'अ‍ॅड' हा उपसर्ग पुढच्या सी मध्ये मिसळून डबल सी झाला, आणि 'कॉम' अधिक 'मोडस' म्हणून डबल एम. डिसअपिअर म्हणजे डिस अधिक अपिअर, म्हणून एस एक आणि पी दोन. मिसस्पेल लॅटिनमधून आलेला नाही, पण तोही मिस अधिक स्पेल, म्हणून त्यात दोन्ही एस खरेच आहेत. मुलांना घोकायला लावण्याआधी एवढी फोड फळ्यावर करून दाखवायलाच हवी.

इंग जोडताना आघात, म्हणजे मूळ शब्दाच्या कुठल्या भागावर जोर पडतो ते, बघायचा, बिगिनिंगला शेवटी आघात म्हणून डबल एन, ओपनिंगला पहिल्यावर म्हणून एकच. ट्रॅव्हलिंगला ब्रिटिश पद्धतीत तरी डबल एल लागतो, आपल्याकडे तोच चालतो, अमेरिकेत एक.