चालवायची ३ सिरीज की बसायची?

पन्नास-पाऊणशे लाखांची सेडान घ्यायला निघालेल्या माणसाला पंधरा वर्षांपूर्वी फार डोकं चालवावं लागत नसे. स्टीअरिंग स्वतःच्या हातात ठेवायचं असेल तर बीएमडब्ल्यू, ड्रायव्हर ठेवायचा असेल तर मर्सिडीज, विषय संपला. आता हा निवाडा एकट्या बीएमडब्ल्यूच्या शोरूममध्ये करावा लागतो. वेगवान एम३४०आय आणि लांब ग्रॅन लिमोझिन या दोन्ही ३ सिरीजच, दोन्हींची जुळणी चेन्नईतच. तरी एक घेतली की दुसरीचं सुख मिळत नाही. ही वाटणी गेल्या दहा-बारा वर्षांत झाली, आणि ती बरीचशी भारतीय गिऱ्हाइकाने करून घेतली.

जर्मनीतला पूर्वेतिहास थोडक्यात उरकता येतो. १९६१ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात आलेली बीएमडब्ल्यू १५००, १९७५ ची पहिली ३ सिरीज आणि १९८६ पासून बनू लागलेली तिची वेगवान बहीण एम३ ही चालवणाऱ्याची परंपरा. मात्र मर्सिडीजनेही १९८३ मध्ये १९०ई २.३-१६ आणली होती, तीही एका ब्रिटिश रेसिंग कंपनीकडून इंजिनाचं हेड करून घेऊन. म्हणजे ‘ही स्पोर्टी, ती आरामाची’ ही विभागणी तिथेही कधी काटेकोर नव्हती. आपल्याकडे ती काटेकोर वाटली, कारण गाड्याच मोजक्या होत्या.

१९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीजची पहिली ई-क्लास जुळू लागली. तिचं गिऱ्हाईक मागच्या डाव्या सीटवर बसणारं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. २००७ मध्ये बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना सुरू झाला आणि ३ सिरीज इथेच जुळू लागली. त्या पिढीला रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर धावणारे, टायर होते आणि स्टेपनी नव्हती. टायरच्या कडक बाजूंमुळे खड्डा थेट पाठीला कळायचा. हौशी चालकाने ते खपवून घेतलं, घरच्यांनी नाही. ‘बीएमडब्ल्यू हादरते’ हे वाक्य तेव्हापासूनचं, आणि नंतरच्या पिढ्यांचं सस्पेन्शन बरंच सुधारलं तरी ते पुसलं गेलेलं नाही.

दरम्यान महागडी सेडान मुंबई-दिल्लीबाहेर पोचली होती. २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. तो व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता, आणि जिल्ह्याच्या गावातही असा बाजार आहे हे कंपन्यांना त्यातून दिसलं. अशा घरांत गाडी कधी मालक चालवतो, कधी ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी आईवडील मागे असतात. एकाच गाडीने सगळं भागवावं, ही अपेक्षा इथली.

त्या अपेक्षेला कंपनीने दिलेलं पहिलं उत्तर स्वस्तातलं होतं. २०१२ ची ३ सिरीज ‘स्पोर्ट लाइन’ आणि ‘लक्झरी लाइन’ अशा दोन नावांनी आली. एकीला काळी जाळी आणि लाल शिलाई, दुसरीला क्रोम आणि लाकडी पट्ट्या. इंजिन तेच, व्हीलबेसही (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) तोच २,८१० मिलिमीटरचा. दोन वर्षांनी आलेलं ३ सिरीज जीटी मात्र खरोखर वेगळं होतं: व्हीलबेस ११० मिलिमीटर जास्त, छत उंच, मागे पाय पसरायला जागा. दिसायला जरा बोजड म्हणून जगभर तिची चेष्टा झाली, पण आपल्याकडे ती आवडीने घेतली गेली. पुढे काय होणार याची चुणूक तिथेच होती.

मधल्या काळात डिझेलचा एक घोळ झाला. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. डिझेल ३ सिरीजचं, म्हणजे ३२०डीचं इंजिन १,९९५ सीसीचं, म्हणून ती वाचली. मर्सिडीजचं २,१४३ सीसीचं, म्हणून ती अडकली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का हरित अधिभार लावून बंदी उठली. त्या आठ महिन्यांत तिथे स्पोर्टी की आरामाची हा सवाल काही जणांपुरता सीसीनेच निकालात काढला.

खरा वाद लांब व्हीलबेसचा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये नवी ई-क्लास भारतात आली ती फक्त लांब रूपात: व्हीलबेस ३,०७९ मिलिमीटर, मूळ गाडीपेक्षा १४० जास्त. चाकणला जुळणारी ही लांब गाडी उजव्या स्टीअरिंगसह तेव्हा भारतातच मिळत होती. मागच्या सीटची पाठ ३७ अंशांपर्यंत कलायची आणि पुढची डावी सीट मागे बसूनच बटणाने पुढे ढकलता यायची. मर्सिडीजकडून हे अपेक्षितच होतं, त्यामुळे ओरड झाली नाही. जानेवारी २०२१ मध्ये ३ सिरीजचंही तेच झालं, तेव्हा झाली. चीनमध्ये २०१२ पासून विकली जाणारी लांब ३ सिरीजची कल्पना इथे ग्रॅन लिमोझिन म्हणून आली. व्हीलबेस २,८५१ वरून २,९६१ मिलिमीटर, म्हणजे पुन्हा तेच ११०.

आक्षेप असा की ३ सिरीजमध्ये घ्यायचं ते तिचं वळणातलं चापल्य, आणि नेमकं तेच ताणलं गेलं. आक्षेपात तथ्य आहे, पण तो जरा फुगवलेलाही आहे. पेट्रोलवरच्या ग्रॅन लिमोझिनचं, म्हणजे ३३०एलआयचं इंजिन २५८ अश्वशक्तीचं आहे आणि कंपनीच्या आकड्यानुसार ती ६.२ सेकंदांत शंभर गाठते. वरंधा घाटात तिला मंद म्हणणाऱ्याने आधी स्वतःचं चालवणं तपासावं. दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तपासायला हवा. ‘आता पाच जण आरामात’ हे शोरूममध्ये ऐकू येतं, पण मागचं दार उघडून मधोमध बसून पाहा. गिअरबॉक्स-शाफ्टचा उंचवटा दोन पायांच्या मध्ये तसाच उभा आहे, ११० मिलिमीटरने तो हललेला नाही. वाढलेली जागा दोघांच्या गुडघ्यांसाठी आहे, तिसऱ्याच्या वाट्याला काही नाही. बाहेरून पाहिलं तर सगळी लांबी मागच्या दारात गेलेली दिसते, आणि गाडी कोणासाठी बनली हे त्या दारावरूनच ओळखावं.

गोंधळात भर घालतो तो ‘एम स्पोर्ट’ हा शिक्का. लांब ३३०एलआयवरही तो मिळतो. बंपर, चाकं, जाड स्टीअरिंग असा त्याचा मुख्यतः ऐवज. त्यातून एम३४०आय होत नाही. ती आली मार्च २०२१ मध्ये, ग्रॅन लिमोझिननंतर दोनच महिन्यांनी: मूळ व्हीलबेस, चारही चाकांना ताकद, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३८७ अश्वशक्ती, ४.४ सेकंदांत शंभर. तेव्हाची किंमत एक्स-शोरूम ६२ लाख ९० हजार. लांब गाडी तेव्हा ५१ लाख ५० हजारांपासून. पूर्वी ३२८आय ही ३ सिरीज घेणाऱ्याला दोन्ही गुण एका बिलात मिळत. आता चालवण्याच्या हौशीचे वेगळे मोजायचे, तेव्हाच्या किमतींत अकरा-बारा लाख. आराम ही सर्वसाधारण गोष्ट ठरली आणि हौसेला चैनीची किंमत लागली, एवढा उलटा प्रकार या वर्गात पूर्वी नव्हता.

३ सिरीजच्या वरच्या ५ सिरीजबाबत तर तेवढाही पर्याय उरला नाही. २०१७ च्या पिढीतली ५३०डी मूळ व्हीलबेसची, २६५ अश्वशक्ती आणि ६२० न्यूटन-मीटर टॉर्कची, लांब पल्ल्याला भन्नाट. जुलै २०२४ मध्ये तिची जागा ३,१०५ मिलिमीटर व्हीलबेसच्या ५३०एलआयने घेतली, चार सिलिंडर पेट्रोल, एकच आवृत्ती. मूळ लांबीत त्या वर्षी आल्या त्या विजेवरची आय५ आणि एम५, दोन्ही आयात केलेल्या. एम५ दोन कोटींच्या घरात.

कराने या निवडीत बाजू घेतलेली नाही. २०१७ पासून या वर्गातल्या सेडानवर अधिभारासह ४८ टक्के जीएसटी होता आणि मोठ्या एसयूव्हीवर ५०. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर सरसकट ४० टक्के. म्हणजे सेडानला असलेला दोन टक्क्यांचा फायदाही गेला. नोंदणीत मात्र मागच्या सीटचं गिऱ्हाईक जास्त मोजतं: महाराष्ट्रात वीस लाखांवरची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर रस्ता कर १३ टक्के, कंपनीच्या नावावर घेतली तर २०. घसाऱ्याची वजावट मिळते म्हणून गाडी कंपनीच्या नावावर टाकणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे बहुधा ड्रायव्हरही असतो. स्वतः चालवणारे जुन्या बाजारात मूळ व्हीलबेसची ५३०डी शोधताना भेटतात.