प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार: अर्ज कुठे करायचा, कागदपत्रं कोणती आणि मुलांचा खेळ कसा टिकवायचा

आठवीतली मुलगी. दोन वर्षं रोज पहाटे साडेपाचला मैदानावर. जिल्हा कबड्डी संघात निवड झाली आणि पंधरा दिवसांत म्हणायला लागली, "मला नाही जायचं आता." आईला वाटलं, कंटाळली असेल. सर फोनवर म्हणाले, शिस्त नाही. किटची पिशवी महिनाभर दाराआड तशीच पडून होती. गुडघ्याच्या पट्ट्यांना वास यायला लागला म्हणून आईने ती रिकामी करायला घेतली, तेव्हा मुलगी रडत सगळं बोलली.

अशा घरांसोबत पोलीस ठाण्यात आणि क्रीडा कार्यालयात मी बऱ्याच खेपा घातल्या आहेत. एक गोष्ट दर वेळी दिसते. तक्रारीची फाइल कशीबशी पुढे सरकते, पण खेळाची फाइल कोणी उघडतच नाही. मूल खेळ सोडतं आणि सर मैदानावर राहतात. म्हणून इथे दोन्ही फायलींबद्दल लिहितो.

कायदा कोणाला लागू

वय १८ पेक्षा कमी असेल तर पोक्सो कायदा, २०१२, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. तो मुलींइतकाच मुलांनाही लागू आहे. तालमीतल्या किंवा तरणतलावावरच्या मुलाबाबत "पोराला काय होतंय" म्हणून गप्प बसणारे पालक मी पाहिलेत. त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. गुन्हा करणारा शाळेचा किंवा संस्थेचा कर्मचारी असेल, किंवा मुलाच्या विश्वासातली, अधिकाराच्या जागेवरची व्यक्ती असेल, तर कायदा तो गुन्हा अधिक गंभीर धरतो. प्रशिक्षक यातच येतो.

"स्पॉट देताना (कसरत करणाऱ्याला पडू नये म्हणून आधार देताना) हात लागतोच" हा युक्तिवाद तुम्हाला ऐकवला जाईल. जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब, कुस्तीत हात लागतो हे खरं आहे. पण कायदा हेतू बघतो, आणि स्पर्श कपड्यांवरून झाला म्हणून गुन्हा टळत नाही. नागपूरच्या एका खटल्यात हा प्रश्न आला होता. कातडीला कातडी लागली तरच गुन्हा, हा उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला. लैंगिक हेतूने केलेले शेरे, अश्लील व्हिडिओ दाखवणं, मोबाइलवरून सतत मागे लागणं हेही पोक्सोत बसतं.

तक्रार कुठे द्यायची

कुठल्याही पोलीस ठाण्यात. घटना पुण्यात बालेवाडीच्या स्पर्धेदरम्यान घडली आणि घर नांदेडला असलं तरी नांदेडला तक्रार देता येते. याला झीरो एफआयआर म्हणतात. ठाणं नंतर ती योग्य हद्दीत पाठवतं. एफआयआरची प्रत मोफत मिळते, मागून घ्या. पोलिसांनी नोंदवायला नकार दिला तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना, शहरात पोलीस आयुक्तांना, रजिस्टर पोस्टाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ठाण्यात जायची हिंमत होत नसेल तर आधी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तक्रार फक्त आईवडिलांनीच द्यायला हवी असं नाही. ज्याला माहिती आहे किंवा तशी शंका आहे त्याने कळवणं कायद्याने बंधनकारक आहे; न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. त्यामुळे क्लबच्या सचिवांनी "बसून मिटवू" म्हटलं की त्यांना शांतपणे हेच सांगायचं.

जबाब आणि तपासणी

मुलाला ठाण्यात नेऊन बसवायची गरज नाही. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकारी घेतात, आणि त्या वेळी गणवेश नसतो. आईवडील किंवा मूल ज्याच्यावर विश्वास ठेवतं अशी व्यक्ती सोबत बसते. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात, आणि एफआयआर व्हायची असली तरी तपासणी व उपचार अडत नाहीत. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे मुलांची काळजी आणि संरक्षण पाहणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीला, कळवायचं असतं. समितीकडे सहायक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाला मदत करणारं माणूस, मागा. खटला संपेपर्यंत कोणीतरी आपलं माणूस हाताशी असणं फार मोलाचं ठरतं.

कागदपत्रं

वयाचा पुरावा सगळ्यात आधी: शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. मूल आणि पालकांचं ओळखपत्र. मग खेळाचे कागद, जे लोक हमखास विसरतात: सराव शिबिराचं पत्र, संघाची यादी, प्रवासाची तिकिटं, मुक्काम कुठे होता त्याची नोंद, क्लबच्या फीच्या पावत्या. तो माणूस त्या तारखेला तिथे होता हे यावरूनच उभं राहतं. चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ मोबाइलही जपा. तेव्हाचे कपडे असतील तर धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. यातलं काहीही हाताशी नसलं तरी तक्रार घ्यावीच लागते. कागद नंतर देता येतात.

संस्थेकडची तक्रार

मुलगी किंवा तरुणी असेल तर २०१३ चा कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ कायदाही वापरता येतो. त्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेचं ठिकाण यांचा नावानिशी उल्लेख आहे आणि ती तिथे नोकरीला असायची अट नाही. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. क्लबमध्ये दहापेक्षा कमी कर्मचारी म्हणून अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. या समितीकडे गेलात म्हणून पोलीस तक्रार थांबवू नका.

आता खेळाची फाइल

प्रशिक्षकाची खरी ताकद त्याच्या सहीत असते, निदान मुलांना तसं वाटतं. निवड, प्रमाणपत्र, दहावी-बारावीचे क्रीडा सवलत गुण, पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, सगळं सरांच्या हातात आहे असं समजून मुलं गप्प राहतात. प्रत्यक्षात शालेय स्पर्धेची प्रवेशिका मुख्याध्यापकांच्या सहीने जाते आणि सवलत गुणांचा प्रस्तावही शाळेमार्फतच जातो.

म्हणून तक्रारीच्याच आठवड्यात दोन अर्ज द्या. एक मुख्याध्यापकांना: सराव दुसऱ्या प्रशिक्षकाकडे हवा, प्रवेशिका थांबवू नये, आतापर्यंतच्या सहभागाच्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. दुसरा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना, तशाच मजकुराचा. घटनेचा तपशील लिहायची गरज नाही; "पोलीस तक्रार दाखल आहे" एवढं पुरे. दोन्हींवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. हे अर्ज कुठल्या ठरावीक नमुन्यात नसतात, साध्या कागदावर चालतात. पण मी पाहिलंय, पोच असलेला कागद समोर ठेवला की निवडीच्या वेळी "नाव राहून गेलं" म्हणणं अवघड होतं.

आणि टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर नको. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग उघड करणारा पत्रकार असो की सहखेळाडूची आई.

पैसे आणि वकील

स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. लैंगिक अत्याचारपीडितांसाठीच्या महाराष्ट्राच्या मनोधैर्य योजनेतल्या अर्थसाहाय्याचं कामही तिथेच होतं. सोबत एफआयआर, वैद्यकीय अहवाल, बँक पासबुक न्या. खटला चालू असताना पोक्सोचे खटले चालवणारं विशेष न्यायालय अंतरिम भरपाईही देऊ शकतं.

विशेष न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षात संपवावा, असं कायदा म्हणतो. अनुभव लांबणीचा आहे. साक्षीची तारीख आणि स्पर्धा एकाच दिवशी आली, तर स्पर्धेचं पत्र जोडून विशेष सरकारी वकिलांना आधीच लेखी कळवा आणि दुसरी तारीख मागायला सांगा.