रोज 300 स्विंग मारून नक्की काय मिळतं?

सॉफ्टबॉल नवीन खेळायला लागलेल्या कुठल्याही पोराला किंवा पोरीला विचारा, कोचने काय करायला सांगितलंय, तर उत्तर बहुतेकवेळा एका आकड्यात येतं. रोज 200 स्विंग, म्हणजे 200 वेळा बॅट फिरवायची. कुणी जास्तच कडक असेल तर 300. मला या आकड्याचं कायम नवल वाटतं, कारण तो कुठून आला हे कुणीच सांगत नाही, आणि त्यातले कितवे स्विंग फायद्याचे आणि कितव्यापासून पुढचे नुसते शरीराला त्रास, हे तर कुणी विचारतही नाही.

आधी हे बघूया की बॅटिंग एवढी अवघड का आहे. महिलांच्या फास्टपिचमध्ये, म्हणजे जोरात बॉल टाकायच्या सॉफ्टबॉलमध्ये, पिचरची (बॉल टाकणारीची) जागा होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभी असते तिथल्या पाटीपासून, 43 फुटांवर असते, पण ती पुढे झेप घेऊन बॉल सोडते त्यामुळे खरं अंतर उरतं साधारण 11 मीटर, आणि बॉल ताशी 100 किमीने आला तर बॅटरकडे जेमतेम 0.4 सेकंद असतात. त्यातला जवळजवळ निम्मा वेळ बॅट फिरवण्यातच जातो. म्हणजे मारायचं की सोडायचं, वर की खाली, हा सगळा निर्णय राहिलेल्या 0.2 सेकंदांत. 2004 मध्ये अमेरिकेची सॉफ्टबॉल पिचर जेनी फिंच हिने एका प्रदर्शनी सामन्यात आल्बर्ट पूहोल्ससारख्या बेसबॉलच्या दादा माणसाला स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल मारूच न देता बाद, केलं होतं, तेव्हा त्याच्या ताकदीत काही कमी नव्हतं, फक्त हात खालून फिरवून टाकलेला बॉल वाचायची सवय त्याच्या डोळ्यांना नव्हती.

आता टी-वर, म्हणजे उभ्या दांड्याच्या टोकावर, बॉल ठेवून मारायचा ड्रिल घ्या. त्यात बॉल हलतच नाही, म्हणजे तो 0.2 सेकंदांचा निर्णय त्यात शिकायलाच मिळत नाही. मग टी फालतू आहे का? अजिबात नाही. स्विंगची ताकद हातातून येत नाही, ती पायाखालच्या जमिनीतून सुरू होते, आधी कंबर फिरते, मग तिच्यामागून छाती आणि खांदे, मग हात आणि सगळ्यात शेवटी बॅट, आणि हा क्रम अंगात बसवायला टी-इतकं स्वस्त आणि निवांत साधन दुसरं नाही. पण क्रम एकदा बसला की पुढचे 200 स्विंग नवीन काय शिकवणार? फायद्याचा आलेख सुरुवातीला झपकन चढतो आणि मग आडवा होतो. शरीरावरचा ताण मात्र प्रत्येक स्विंगला तेवढाच पडत राहतो, उलट दमल्यावर जास्तच, कारण दमलं की कंबर आळस करते आणि तिचं काम मनगट आणि पाठ करायला लागतात.

एक गमतीचा प्रयोग आहे, 1994 मध्ये छापून आलेला, कॉलेज लेव्हलच्या बेसबॉल खेळाडूंवरचा. दोन गटांना आठवड्यातून दोनदा असं 6 आठवडे जादा बॅटिंग दिली, प्रत्येकवेळी 45 बॉल, 15 फास्टबॉल, 15 कर्व्ह (वळणारे) आणि 15 चेंजअप (फसवून हळू टाकलेले). एका गटाला एका प्रकारचे 15 संपले की दुसरे, आणि दुसऱ्या गटाला सगळे मिसळून, पुढचा कुठला येईल पत्ताच नाही. शेवटच्या परीक्षेत मिसळलेला गट बराच पुढे निघाला. बॉल तेवढेच आणि स्विंगही साधारण तेवढेच, फक्त डोकं जास्त वापरायला लागलं. म्हणून मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, 300 चे 80 करा पण त्या 80 मध्ये आत, बाहेर, वर, हळू असं सगळं येऊ द्या. पिचिंग मशिनचाही हाच प्रॉब्लेम आहे, बॉल जोरात येतो खरा, पण पिचरचा हात, खांदा, मनगट यातलं काहीच दिसत नाही, आणि चांगला बॅटर बॉल सुटायच्या आधीच तिथून निम्मं वाचत असतो.

जाता जाता जड बॅटबद्दल. बॅटवर वजनाचं कडं चढवून वॉर्मअप केला की नंतर नेहमीची बॅट पिसासारखी हलकी वाटते, हे सगळ्यांनी अनुभवलंय. पण स्पीड मोजलं तर ते वाढलेलं नसतं, अनेकदा थोडं कमीच झालेलं असतं. चक्क भास आहे तो.

आता दुखापती. बॅटरच्या ज्या दुखापती ड्रिलमधून येतात त्या बहुतेक अचानक होत नाहीत, हळूहळू शिजतात. पिचरकडे असलेल्या बाजूच्या बरगड्यांखालचा तिरका स्नायू ताणला जातो, कारण कंबर फिरलेली आणि खांदे अजून मागे, त्या पिळाच्या क्षणी सगळं ओझं त्याच्यावर असतं. कमरेचं तसंच, आणि इथे वाढत्या वयातल्या मुलांची जास्त काळजी घ्यायला हवी, कारण एकाच दिशेने हजारो वेळा पिळून मणक्याच्या मागच्या भागाला बारीक चीर जाऊ शकते. पोरगं म्हणतं पाठ दुखते, आपण म्हणतो स्नायू आखडला असेल, आणि 3-4 आठवडे असेच जातात. मागे वाकल्यावर जास्त दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा, घरगुती शेक-बिक करत बसू नका.

पण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते मनगटातलं एक छोटंसं हाड. तळहाताच्या खालच्या भागात, करंगळीच्या बाजूला हॅमेट नावाचं हाड असतं आणि त्याला तळहाताकडे आलेला एक आकडा असतो, अगदी हुकसारखा. आता ढोबळ हिशोब करा. बॅट साधारण 650 ग्रॅमची, तिचा मधला भाग सेकंदाला 20 मीटर वेगाने गोल फिरतोय, तर ती हातातून बाहेर निसटायला बघते ते 30 किलोच्या आसपास जोराने. एवढ्याशा बॅटला! तिला धरून ठेवतो तो खालचा हात, आणि बॅटच्या मुठीकडच्या टोकाचा गोल नॉब नेमका त्या हुकवर दाबला जातो, वर बॉल लागला की त्याचा हादरा वेगळा. हे रोज 300 वेळा. हुक कधी हळूहळू चिरतो, कधी एका फसलेल्या स्विंगला कट्कन मोडतो, आणि साध्या एक्सरेत बरेचदा दिसतही नाही, वेगळ्या अँगलने काढावा लागतो किंवा सीटी स्कॅन. तिथून करंगळीची नसही जाते म्हणून मुंग्या येतात. त्यामुळे पकड ढिली झाली, नॉबच्या जागी दाबलं की कळ येते, असं असेल तर 'मुका मार असेल' म्हणून सोडू नका. नॉब तळहाताच्या आत रुतवून धरायची स्टाइल असेल तर ती आधी बदला. बॉल बॅटच्या बारीक भागाला लागल्यावर हातात ज्या झिणझिण्या येतात त्या वेगळ्या, त्या दोन मिनिटांत जातात.

एवढं बॅटरचं झालं. पण ड्रिलमध्ये जीवाला खरा धोका असतो तो बॅटरला नाही, बॉल टाकून देणाऱ्याला. नावात सॉफ्ट आहे यावर जाऊ नका. 1887 मध्ये शिकागोत हा खेळ सुरू झाला तेव्हा बॉक्सिंग ग्लोव्ह बांधून बॉल केला होता, आजचा बॉल 180 ते 200 ग्रॅमचा आणि चांगला टणक असतो. समोरून 6 मीटरवरून टॉस देताय आणि बॉल ताशी 100 किमीने सरळ परत आला तर तुमच्यापर्यंत पोचायला 0.22 सेकंद लागतात, आणि माणसाला नुसतं बघून हात हलवायला सुरुवात करायलाच 0.2 लागतात. म्हणजे चपळाई वगैरे कामाची नाही, वेळच नाहीये. बाजूने टॉस देणारा तर गुडघ्यावर बसलेला असतो, त्याचं तोंड बरोबर बॅटच्या उंचीला, आणि घामाने हात निसटला तर येते ती बॅट. यावर उपाय माहीत नाही असा कोच मला अजून भेटला नाही, आडोशाला एल आकाराची जाळी, टॉस दिला की हात आत, आणि डोक्यावर हेल्मेट. पण ती जाळी जड असते, ओढून आणायला दोन माणसं लागतात, आणि प्रॅक्टिस तर लगेच सुरू करायची असते, म्हणून बहुतेकवेळा ती कोपऱ्यात भिंतीला टेकूनच उभी असते.